मॅगव्हीलला ओरखडा न पाडता घरच्या घरी व्हील बॅलन्सिंग

कोथरूडकर

एक्स्प्रेसवेवर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग बारीक थरथरायला लागतं, शंभरला हाताला चांगलंच जाणवतं. ब्रेक मारताना वेगळं काही होत नाही, गाडी कुठल्या बाजूला ओढतही नाही. म्हणजे डिस्क आणि अलाइनमेंट बाजूला ठेवू. पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग गेलंय, म्हणजे चाक एका बाजूला जड झालंय.

दुकानात न्यायला मन धजत नाही. चाकं डायमंड कट अलॉय आहेत, म्हणजे चेहरा लेथवर कापून चकचकीत केलेली मॅगव्हील. मागे एका दुकानात (नाव विचारू नका) पोऱ्याने तोल साधायला रिमवर लावलेली जुनी वजनं पेचकसाने उचकटली आणि नवी क्लिपची वजनं बाहेरच्या कडेवर हातोडीने ठोकून बसवली. क्लिपखाली लॅकर (वरचा पारदर्शक थर) फुटलं, पावसाळ्यात पाणी शिरलं, आणि आता तिथून पांढरी नक्षी आत आत सरकते आहे. डायमंड कटचं दुखणं असं की वरून रंग मारून भागत नाही. लेथवर चाकाचा चेहरा पुन्हा कापावा लागतो आणि दर वेळी थोडं अ‍ॅल्युमिनियम जातं.

म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच करायचं ठरवलं. एक सरळ ब्राइट बार (गुळगुळीत लोखंडी सळई), त्यावर सरकणारे दोन नायलॉनचे शंकूसारखे कोन (ओळखीच्या वर्कशॉपमधून लेथवर काढून घेतले), आणि दोन्ही बाजूंना दोन दोन ६०८ नंबरची बेअरिंग जवळजवळ बसवून केलेला स्टँड. बार त्या दोन बेअरिंगांच्या मधल्या खाचेत नुसता टेकतो. बेअरिंगांची झाकणं काढून, पेट्रोलने ग्रीस धुऊन, मशीन ऑइलचा एक थेंब टाकलाय. बार पाणसळ लावून लेव्हल केला. कोन नायलॉनचे असल्यामुळे चाकाच्या मधल्या भोकाला काही होत नाही.

पद्धत: चाक कोनांत धरून स्टँडवर ठेवायचं आणि सोडायचं. जड बाजू डुलत डुलत खाली येते. थांबलं की वरच्या टोकाला, म्हणजे बाराच्या काट्यावर, खडूने खूण. दोन-तीन वेळा वेगवेगळ्या जागेवरून सोडून बघायचं, खूण तिथेच यायला हवी. मग त्या जागी मास्किंग टेपने वजन तात्पुरतं लावायचं आणि चाक पाव फेरी फिरवून वजन तीनच्या काट्यावर आणून सोडायचं. वजन वर चढलं तर कमी आहे, खाली गेलं तर जास्त झालं. चाक जिथे सोडाल तिथे गपचूप उभं राहिलं की झालं. नंतर तेवढीच चिकटपट्टीची वजनं आतल्या बाजूला, स्पोकच्या मागे लपतील अशी.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. विशेषतः जुनी चिकटलेली वजनं चरा न पाडता कशी काढायची यावर.

नटबोल्ट

स्टँड झकास. आमच्याकडे कंपनीत ग्राइंडिंग व्हील बॅलन्स करायला हेच तत्त्व वापरतात.

पण हे स्टॅटिक, म्हणजे चाक वेगात न फिरवता केलेलं बॅलन्सिंग झालं हे लक्षात असू द्या. चाकाला रुंदी असते. समजा आतल्या कडेला एका जागी २० ग्रॅम जास्त आहेत आणि बाहेरच्या कडेला बरोबर समोरच्या जागी २० ग्रॅम जास्त आहेत. तुमच्या स्टँडवर हे चाक शहाण्या मुलासारखं उभं राहील. रस्त्यावर वेगात फिरलं की एक कड डावीकडे खेचणार, दुसरी उजवीकडे, आणि चाक डोलणार. हे फक्त फिरवूनच कळतं. दुकानातलं मशीन चाक फिरवून आतल्या आणि बाहेरच्या कडेचे आकडे वेगवेगळे दाखवतं ते याचसाठी.

थोडा हिशोब मांडतो, म्हणजे ग्रॅमला किती भाव द्यायचा ते कळेल. १८५/६५ आर १५ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी १०० किमीला चाक सेकंदाला १४ फेऱ्या घेतं, मिनिटाला ८५० च्या आसपास. रिमच्या कडेला, मध्यापासून १९ सेंटिमीटरवर ३० ग्रॅमचा फरक असेल तर बाहेर खेचणारा जोर येतो सुमारे ४५ न्यूटन, म्हणजे साडेचार किलो. तो दर फेरीला दिशा बदलतो. ताशी ५० ला हाच जोर चौथा हिस्सा. कर्वे रोडवर काही कळत नाही आणि लोणावळ्याकडे निघालं की हात थरथरतात, त्याचं कारण हे.

गॅरेजकाका

आमचं आयुष्य टायरमध्ये गेलं. मशीनवर एका चाकाला पाच मिनिटं लागतात हो. तुम्ही पेट्रोलने बेअरिंग धुता, लेथवर कोन काढता. हौस म्हणून ठीक.

पण तुमचा राग समजतो. ओरखडे बॅलन्सिंगने पडत नाहीत, ते पडतात चार ठिकाणी. एक, जुनं वजन उचकटताना. दोन, बाहेरच्या कडेला क्लिप ठोकताना. तीन, मशीनवर चाक आवळताना. आतून कोन जातो आणि बाहेरून मोठा नट वाटीसकट आवळतात. ती वाटी थेट चाकाच्या चेहऱ्यावर बसते. वाटीच्या तोंडाला प्लास्टिकची नाहीतर रबराची रिंग असते, बऱ्याच दुकानांत ती कधीच हरवलेली असते. चार, टायर काढताना-घालताना, पण ते तुमच्या प्रश्नात नाही.

दुकानात गेल्यावर तोंड उघडायचं. वाटीला रिंग आहे का बघा, नसेल तर मध्ये जाड कापड घालायला सांगा. क्लिप नको, सगळी वजनं चिकटपट्टीची आणि आतून. मशीनला तसा मोड असतो, अलॉयचा मोड लाव म्हटलं की ऑपरेटरला कळतं. जुनी वजनं मी काढून आणलीत म्हणून सांगा. घरी करून आणा ते. तुमचं चाक, तुम्ही उभे राहून करून घ्या, कोणी काही बोलत नाही.

कोथरूडकर

काका, रिंगचं माहीत नव्हतं. चेहऱ्यावर भोकाभोवती जे गोल घासलंय ते त्याचंच म्हणायचं.

नटबोल्ट, स्टॅटिकची मर्यादा मान्य. पण चिकटपट्टीचं वजन चाकाच्या रुंदीच्या मध्याजवळ लावलं तर निदान मी नवीन डोलणं तरी घालत नाही ना?

नटबोल्ट

बरोबर. सगळं वजन आतल्या कडेला नेऊन चिकटवलं की एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं. मध्याच्या जितकं जवळ जाल तितकं चांगलं. तिथे जागा नसेल तर निम्मं आत, निम्मं स्पोकच्या मागे. फक्त ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) किती जवळून जातो ते आधी बघा. मोठ्या डिस्कच्या गाड्यांत काही ठिकाणी बोटभरही फट नसते. वजन चिकटवून चाक लावलं की जॅकवरच हाताने एक पूर्ण फेरी फिरवायची. कुठे टिक्‌ वाजलं तर वजन सरकवा.

सिंहगडरोडी

एवढं कशाला, चाक गाडीलाच ठेवा, जॅकवर उचला, फिरवून सोडा. जड बाजू खाली येतेच की.

नटबोल्ट

येते, पण बरीच जड असेल तरच. १० ग्रॅम आणि १९ सेंटिमीटर म्हणजे ०.०२ न्यूटन-मीटरसुद्धा नाही. हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) बेअरिंगचं सील आणि आतलं घट्ट ग्रीस याहून कितीतरी जास्त अडवतात. पुढे तर इंजिनाचा जोर चाकाला पोचवणारा ड्राइव्ह शाफ्ट आणि डिस्कला टेकलेले पॅड आले. चाक कुठेही थांबेल आणि तुम्हाला वाटेल बॅलन्स झालं. कोथरूडकरांनी ग्रीस धुतलं ते उगाच नाही.

हौशी मेकॅनिक

जुनी वजनं काढण्याबद्दल लिहितो, माझा हाच उद्योग असतो.

आधी चाक धुवा. आतली बाजू विशेष. पावसाळ्यानंतर रिमच्या आत लाल मातीचा थर वाळून बसलेला असतो, तो हाताने फुटेल इतका जाड. काही वेळा तीच माती सगळ्या थरथरीचं मूळ निघते. टायरच्या खाचांतले खडेही काढा. हे न करता बॅलन्सिंग म्हणजे मातीचं बॅलन्सिंग.

मग चाक गोधडीवर पालथं. हेअर ड्रायरने वजनावर मिनिट-दीड मिनिट गरम हवा, हात लावला तर सोसेल इतपतच. मिस्त्री लोक रंग काढायला वापरतात ती हीट गन नको, लॅकर फुगतं. गरम झालं की वजन आणि रिम यांच्यामध्ये मासेमारीचा नायलॉनचा दोरा घालून दोन्ही टोकं धरायची आणि करवतीसारखं मागे-पुढे ओढायचं. फोमची पट्टी मधोमध चिरत जाते आणि वजन हातात येतं. रिमला धातू लागतच नाही. जिथे दोरा जात नाही तिथे जुनं एटीएम कार्ड किंवा मोबाइल उघडायची प्लास्टिकची पट्टी. पेचकस नको, पटाशी नको, ब्लेड तर नकोच.

उरलेला गोंद: अंगठ्याने चोळला की वळ्या होऊन निघतो. बाकीच्याला रॉकेल लावून पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ फडक्याने पुसा. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर लॅकर खातात. टाइल्स धुवायचं अ‍ॅसिड लावणारेही महाभाग पाहिलेत, त्यांच्या अलॉयला नंतर चंदेरी रंग मारावा लागला. रॉकेलचा तेलकटपणा राहिला तर नवीन वजन टिकणार नाही, म्हणून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कोरडं फडकं.

क्लिपचं वजन असेल तर त्याच्या शेपटीला धरून बाहेर ओढणारी खास पक्कड मिळते. तिच्या जबड्याला इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे द्या आणि रिमच्या कडेवर मास्किंग टेप लावा. उचकटायचं नाही, सरळ बाहेर ओढायचं.

डोंगरवाट

वाचनखूण साठवली. मी दर शनिवार-रविवारी साताऱ्याकडे असते. माझं स्टिअरिंग अगदी शांत आहे पण सीट थरथरते, मागे बसलेल्यांना जास्त. हेही बॅलन्सिंगच का?

गॅरेजकाका

ताई, स्टिअरिंग हललं तर पुढची चाकं, सीट हलली तर मागची. ढोबळ मानाने बरोबर निघतं. पुढची-मागची चाकं अदलाबदल करून बघा. थरथर सीटवरून स्टिअरिंगमध्ये आली तर दोष चाकांतच. आली नाही तर बेअरिंग नाहीतर दुसरं काही, मग आणा गाडी.

आणि रिम वाकलेली नाही ना ते बघा. नवले पुलापासून पुढे रात्री खड्डा दिसत नाही.

सिंहगडरोडी

अवांतर: पुण्यात बॅलन्सिंग करायचं म्हणजे अंघोळ करून धुळवडीला जाणं. आधी खड्डे बुजवा म्हणावं.

नटबोल्ट

धाग्याची वाट लावू नका. पण खड्ड्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. वाकलेल्या रिमला कितीही वजनं लावली तरी ती गोल होत नाही. कोथरूडकरांच्या स्टँडवरच तपासता येतं. रिमच्या कडेजवळ एक पेन्सिल घट्ट बांधा आणि चाक हळू फिरवा. पेन्सिल आणि कड यांच्यातली फट एका फेरीत एक-दीड मिलिमीटरहून जास्त कमी-जास्त होत असेल तर आधी रिमचा निकाल लावा. टायरचाही तोच प्रयोग करा. आतला पट्टा सुटून टायरला फुगवटा आला असेल तर तो इथेच दिसतो.

मशीनवर एखाद्या चाकाला ऐंशी-नव्वद ग्रॅम लागायला लागले तर वजनं ठोकत बसण्याआधी टायर रिमवर अर्धी फेरी फिरवून बसवायला सांगा. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची हलकी बाजू. तो व्हॉल्व्हसमोर आणायचा, म्हणजे व्हॉल्व्हचं वजन तिथेच भरून निघतं.

शंकासूर

मीही तसाच स्टँड केलाय. माझं चाक दर वेळी वेगळ्या जागी थांबतं. सकाळी खूण केली ती संध्याकाळी भलतीकडे. बेअरिंग मोकळी आहेत, बार सरळ आहे, दुसरं चाक व्यवस्थित एकाच जागी येतं. एकाच चाकाला काय झालंय?

गॅरेजकाका

त्या टायरमध्ये पंक्चरचं जेल ओतलंय का?

शंकासूर

हो! गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकाने सांगितलं होतं. त्याचा काय संबंध?

गॅरेजकाका

सगळा संबंध त्याचाच. ते पातळ असतं, गाडी उभी राहिली की खाली साचतं. तुम्ही चाक फिरवता तसं ते आतून सरकतं. आज इथे जड, उद्या तिथे. मशीनवरसुद्धा आकडा दर वेळी बदलतो आणि गिऱ्हाईकाला वाटतं आम्हाला येत नाही. टायर उतरवून आतून धुऊन पुसून घ्या, मगच बॅलन्सिंग. ट्यूबलेसला पंक्चर झालं तर आतून पॅच लावून घ्या, आणि पॅच लावल्यावर त्या चाकाचं बॅलन्सिंग पुन्हा करा. पॅचचंही वजन असतं.

डोंगरवाट

चाक काढताना-लावताना नटांच्या खड्ड्यात ओरखडे पडतात त्याचं काय? अलॉयमध्ये नट खोल असतात.

हौशी मेकॅनिक

बाहेरून प्लास्टिकचं आवरण असलेले पातळ सॉकेट मिळतात. मारुतीला बहुधा १९ नंबर, ह्युंदाईला २१. आवरणवाला मिळाला नाही तर साध्या सॉकेटला बाहेरून इन्सुलेशन टेप, पण जाड नको, खड्ड्यात अडकतं. नट आवळायची हवेची गन अलॉयवर चालवू देऊ नका. पहिले चार आटे हाताने, मग पाना, शेवटी टॉर्क रेंच (ठरावीक जोरापर्यंतच आवळायचा पाना). आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, छोट्या गाड्यांना तो साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आगेमागे असतो. समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळायचे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा रेंच लावून बघा.

चाक हबला चिकटून बसलं असेल तर रिमवर हातोडी नाही. टायरच्या आतल्या बाजूला लाकडाचा ठोकळा धरून त्यावर ठोका. आणि चाक जमिनीवर असतानाच नट सैल करा, जॅकवर हिसके देऊ नका. जॅकच्या जोडीला घोडी (गाडी तोलून धरणारा स्टँड) लावा, तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून ठोकळे. पार्किंगचा उतार दिसत नाही पण असतो.

कोथरूडकर

रविवारी पुढची दोन्ही चाकं केली.

दोरा अफलातून चालला. सात-आठ वेळा मागे-पुढे केलं की फोम चिरल्याचा चर्रर आवाज येतो आणि वजनांची अख्खी पट्टी सुटते. रिमवर राखाडी गोंदाची रांग राहिली, ती रॉकेलने गेली. खाली लॅकर शाबूत.

डाव्या चाकाला मध्याजवळ २५ ग्रॅम लागले, उजव्याला १०. रात्रभर गाडी हलवली नाही, गोंद धरू दिला. दुसऱ्या दिवशी एक्स्प्रेसवेवर उर्सेपर्यंत जाऊन आलो. ऐंशी ते नव्वद आता लोण्यासारखं. शंभरला अजून किंचित, पण आधीच्या मानाने काहीच नाही. त्यापुढचं विचारू नका, आता कॅमेरे लागलेत.

नटबोल्ट म्हणाले ते तपासायचं म्हणून परवा एका दुकानात मशीनवर चढवून घेतलं. जाताना वाटीला लावायला सायकलच्या ट्यूबची रिंग कापून नेली होती. मशीनने डाव्या चाकाला आत १५ आणि बाहेर १५ दाखवले, जवळपास समोरासमोर. म्हणजे स्टँडचं उत्तर चोख होतं आणि उरलेली थरथर त्या डोलण्याची. दोन्हीकडे चिकटपट्टी लावून घेतली, बाहेरची स्पोकच्या मागे. उजव्याला मशीनने काहीच सांगितलं नाही.

नटबोल्ट

वा! यापेक्षा चांगला धडा मी फळ्यावर शिकवू शकलो नसतो. अरुंद चाक, कमी वेग असेल तर स्टँड पुरे. हायवेच्या गाडीला मशीन लागणारच.

गॅरेजकाका

सायकलच्या ट्यूबची रिंग! उद्यापासून आमच्याकडे तीच.

डोंगरवाट

चिकटपट्टीची वजनं सुटी कुठे मिळतील? ऑनलाइन सगळा मोठा रोल आहे.

हौशी मेकॅनिक

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा, ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांच्या पट्ट्या सुट्या देतात. शिशाची मऊ असतात, रिमच्या गोलाईवर छान बसतात, पण शिसं विषारी. युरोपात नव्या गाड्यांवर २००५ पासून बंद आहे. लोखंडी किंवा जस्ताची घ्या. त्याच वजनाला तुकडा जरा मोठा होतो, म्हणून कॅलिपरची फट आधी मोजा. लोखंडी असेल तर वरचा लेप पूर्ण आहे ना ते बघा, नाहीतर पहिल्याच पावसात रिमवर गंजाचे ओघळ. मास्किंग टेप, दोरा, अल्कोहोल वगैरे बोहरी आळीत एका फेरीत होतं.

शंकासूर

जेल काढलं. टायरमधून वाटीभर हिरवं पाणी निघालं. चाक आता शहाण्यासारखं एकाच जागी येतं. स्टेपनी लोखंडी रिमची आहे, तिला क्लिप चालेल ना?

गॅरेजकाका

चालेल. बिनधास्त ठोका. फक्त स्टेपनीत हवा आहे का बघा आधी.